महानंदाकाकूंच्या स्लॅबवरची वीज

सकाळी कपाळाला विभूती लावून झाली की महानंदाकाकू दुकानाच्या पायरीवर यायच्या, डोळ्यांवर हात धरायच्या आणि सूर्याला विचारायच्या, "आला का रे कामाला?" ढग असले तर म्हणायच्या, "आज खाडा केला बघ यानं." स्लॅबवर सोलरच्या पाट्या बसल्यापासून सूर्य त्यांच्या लेखी दुकानातला गडी झाला होता.

युसूफ वडगावात त्यांचं किराणा दुकान होतं. त्या आता नाहीत. मी शेजारच्या खोलीत भाड्यानं राहायचे. माझं माहेर कोकणात. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा ट्रकवर म्हणून या उन्हाच्या मुलखात आले. त्याचा ट्रक मांजरसुंब्याच्या पुढं गेला की कितीतरी दिवस पत्ता नसायचा. मला कशाचीही धास्ती वाटायची, साधं दार वाजलं तरी. काकूंनी एकदा "ए कोकणी, एकटी काय भिंती बघत बसतीस?" म्हणून दुकानात बोलावलं, आणि मी तिथलीच झाले.

सोलर आलं तेव्हा त्याची देखरेख त्यांनी माझ्यावर सोपवली. मी घाबरून म्हटलं, "काकू, माझं शिक्षण ते किती!"

"मीटर काय इंग्रजीत बोलतंय का? आकडे वाचता येतात न्हवं? मग झालं!"

घरात वापरून उरलेली वीज खांबावरच्या लाईनीत जाणार आणि वीज कंपनी ती काकूंच्या बिलातून वजा करणार, असा तो व्यवहार. गावाला काही तो पटत नव्हता. काकूंचा पुतण्या बाळासाहेब तर पुढारी माणूस, पारावर बसून हसायचा. "काकू, आजवर लाईट तिकडून इकडं आली. तुमी उलटी धाडायलात व्हय? उद्या हिरीचं पाणी ढगाला विकताल!" त्याला त्या स्लॅबवर मोबाईलचा टॉवर उभा करायचा होता. शेवटी काकूंनी चारचौघांत सांगून टाकलं, "कंपनीचा साहेब मीटर तपासायला येईल त्या दिवशी माझी लाईट भाईर गेली न्हाई, तर पाट्या काढून स्लॅब तुझ्या टावरला देते. बस?"

साहेब आला तो ऐन एप्रिलच्या दुपारी. बाळासाहेब दोन माणसं घेऊन हजर. लोडशेडिंग नव्हतं, लाईन चालू होती. नव्या मीटरवर दोन आकडे आळीपाळीनं यायचे, एक लाईनीतून घेतलेल्या विजेचा आणि एक लाईनीला दिलेल्या. आम्ही सगळे त्या दुसऱ्या आकड्याकडं डोळे लावून उभे. तो हलेना.

"फ्रीज बंद कर गं!" काकू ओरडल्या. केला. पंखेही बंद केले. घामानं सगळे निथळायला लागले. आकडा जागचा हलला नाही.

"ऊन तर लई हाय की," बाळासाहेब आपल्या माणसाला म्हणाला. "मग कावून जाईना बे लाईट? लाजायली वाटतं." साहेबानं खिशातून पेन काढलं. पाट्या मी सकाळीच पुसल्या होत्या. माझंच काही चुकलं असणार, या धास्तीनं मी जिना चढत सुटले.

वर जाऊन बघते तर एकूण एक पाटीवर जुनी लुगडी अंथरलेली, आणि त्यांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया! गल्लीतली शकुंतला शेवटचा घाणा घालत होती.

"अगं वहिनी, हे काय केलंस?"

"काकूंना इचारलंय की. त्या म्हनल्या, घाला, इचारायचं कावून? खाली जागाच न्हाई. आन् काच कशी तापलीया बघ! सांजच्याला खडखडीत!"

दर उन्हाळ्यात गल्लीच्या कुरडया त्याच स्लॅबवर वाळायच्या, आणि काकूंच्या तोंडून कुणाला कधी नकार गेला नव्हता. मी कठड्यावरून ओरडले, "काकू, पाट्यांवर कुरडया हायत!" घाईत त्यांचीच बोली माझ्या तोंडून निघाली. खाली साहेबाचंच हसू आधी फुटलं.

बायका धावल्या. लुगड्यांची टोकं धरून, एक कुरडई मोडू न देता पाट्या मोकळ्या केल्या. मी ओल्या फडक्यानं काचा पुसल्या आणि उड्या मारतच खाली आले. काकू मीटरला नाक लावून उभ्या होत्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दशांशाच्या पुढचा शेवटचा आकडा बदलला. परत बदलला.

"गेली! गेली माझी लाईट!" साठीच्या काकूंनी माझा हात धरून फुगडीचा फेर धरला. बाळासाहेब म्हणाला, "एवढ्याशा आकड्यानं काय व्हतंय?" पण तोही वाकून बघत होता.

काकूंनी साहेबाला विचारलं, "कुठवर गेली असंल ओ ती? बीडला?"

"इतक्या लांब कशाला, मावशी? शेजारी कोण वापरत असेल तर आधी तिथंच."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "म्हंजी हिच्या पंख्यात?" आणि माझी वाट न बघता त्या माझ्या खोलीकडं निघाल्या. मागं शकुंतला, बायका, साहेब, मान खाली घालून बाळासाहेबसुद्धा. मी कुलूप काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला. काकू त्याच्या खाली चटईवर फतकल मारून बसल्या, डोईवरचा पदर मागं सारून वारा घेतला आणि म्हणाल्या, "कोकणे, लाईट माझी, पन घर तुझं हाय. पावन्यांना चा टाक की."

त्या गावात आल्यापासून माझ्या घरी कुणी पाहुणा आला नव्हता. कप दोनच होते. उरलेल्यांना मी चहा वाट्यांमधून दिला.