बाकावरचा गोलकीपर

माझ्या क्लबाच्या ओळखपत्रावर 'गोलकीपर' असं छापलंय. ते खोटं नाही, पण खरं आहे असं शपथेवर सांगायची माझी तयारी नाही. मरोळच्या गावठाण ब्रदर्स या क्लबात मी सोळा वर्षं आहे आणि त्यातली साडेपंधरा तरी बाकावर गेली. पोटासाठी अंधेरीतल्या एका दुकानात नळ, बेसिन आणि कमोड विकतो. तिथे मात्र दिवसभर उभं राहावं लागतं.

क्लबाने मला घेतलं ते उंची बघून. सहा फूट एक इंचाचा मालवणी माणूस पाहून तेव्हाच्या कोचला वाटलं, हा नुसता उभा राहिला तरी अर्धा गोल झाकेल. बॉल नेमका उरलेल्या अर्ध्यातून जातो, हे त्याला पुढे कळलं. तरी मला कोणी काढलं नाही. सामन्याच्या यादीत दोन गोलकीपर लागतातच, आणि न कुरकुरता बसणारा दुसरा गोलकीपर सहज मिळत नाही. मी कुरकुरायचो ते घरी. माझी बायको दीप्ती म्हणायची, "अरे, बसायचंच आहे तर सोफ्यावर बस ना. चहा तरी मिळेल."

पहिला गोलकीपर रिचर्ड. वय चोवीस, राहणार गावठाणातच, नोकरी विमानतळावर सामान चढवण्याची. तो दहा वर्षांचा असताना चंदूदादाने, म्हणजे मी, त्याला बॉल छातीशी कसा घ्यायचा ते शिकवलं, असं तो सगळ्यांना सांगतो. शिकवलं हे खरं आहे. करून दाखवलं होतं का, ते आता आठवत नाही.

संघात माझं खरं काम वेगळंच होतं, गाऱ्हाणं घालायचं. आमच्या कुडाळकडे कुठलंही कार्य सुरू करताना नारळ ठेवून देवाला काय हवं ते मोठ्याने सांगतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देते. एकदा सामन्याआधी मी गंमत म्हणून ते केलं आणि आम्ही जिंकलो. तेव्हापासून आमचे कोच राजेश सर मला विसरतात, नारळ विसरत नाहीत. गोलपोस्टपाशी नारळ ठेवायचा, पोरांनी भोवती रिंगण करायचं आणि मी मागायचं. रिचर्ड आधी छातीवर क्रूस काढायचा आणि मग सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणायचा.

गेल्या मोसमात आम्ही देशभरातल्या क्लबांच्या बाद फेरीच्या चषकात पोचलो. एकदा हरलात की सरळ घरी, असा तो मामला. पहिल्या फेरीत बडोद्याच्या संघाला एका गोलने हरवलं. दुसऱ्या फेरीत कोझिकोडच्या संघाशी पेनल्टीपर्यंत गेलं आणि रिचर्डने दोन अडवल्या. आम्ही त्याला उचलून मैदानभर फिरवलं. मी सगळ्यांत उंच, त्यामुळे त्याचा सगळा भार माझ्याच खांद्यावर आला. मी हसत होतो आणि मनात हिशेब चालला होता की आणखी एक सामना आपण बसून काढला.

त्याच आठवड्यात राजेश सरांनी जाहीर केलं, की पुढच्या मोसमापासून तिशीच्या आतलीच पोरं घ्यायची. मी एकोणचाळीस. मला तेव्हा फार वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू. चषक नको होता, पेपरात नाव नको होतं. राष्ट्रीय चषकाच्या सामन्यात एकदा, दहा मिनिटं का होईना, गोलच्या त्या तीन दांड्यांच्या मधे उभं राहायचं होतं. त्यासाठी आता हाच मोसम उरला होता, आणि तो कुठल्याही सामन्यात संपू शकत होता.

तिसऱ्या फेरीचा सामना अंधेरीतच होता, कोलकात्याच्या एका बड्या क्लबाशी. मी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां मैदानात उतरतत, तेंका यश दी."

"व्हय म्हाराजा."

"समोरच्याचो बॉल गोलाच्या भायर घालव."

"व्हय म्हाराजा."

"अकराय जणांचे हातपाय शाबूत ठेव."

इथे मी थांबलो. गाऱ्हाण्यात सगळं उघड बोलायचं असतं, मनातलं मनात मागायचं नसतं, हे मला वडिलांनी लहानपणीच बजावलं होतं. तरीही मी मनात म्हणालो, फक्त रिचर्डच्या पोटरीत जरासा गोळा आण. शेवटची दहा मिनिटं पुरे.

माझं मागणं संपलं असं समजून रिंगणाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं. नेहमीप्रमाणे रिचर्डचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला एक-एक बरोबरी होती. रिचर्डने पुढे झेप घेऊन बॉल काढला आणि त्यांचा फॉरवर्ड त्याच्या खांद्यावर आदळला. रिचर्ड उठलाच नाही. हात भलत्याच कोनात लोंबत होता. मी गोळा मागितला होता, हे नाही, असं मी स्वतःला बजावत असतानाच राजेश सर ओरडले, "चंदू, उठ."

मी उठलो. ग्लोव्हज इतके नवे होते की वेल्क्रो सोडवताना कर्रकन आवाज आला आणि बाकावरची पोरं हसली. स्ट्रेचरवरून रिचर्डने शाबूत हाताचा अंगठा वर केला. मी धावत गेलो आणि तीन दांड्यांच्या मधे उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, मला आनंद झाला. आठ मिनिटं बॉल माझ्याकडे फिरकला नाही. आपण फार छान उभे आहोत असं मला वाटत होतं.

मग कॉर्नर आला. मी "माझा" म्हणून ओरडलो, म्हणून आमचे दोन्ही डिफेंडर बाजूला झाले. मी पुढे धावलो आणि बॉल माझ्या सहा फूट एक इंचावरून निवांत पुढे गेला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाने तो कपाळाने आत ढकलला. दोन-एक. आमचा चषक तिथेच संपला.

संध्याकाळी मी इस्पितळात गेलो. रिचर्डचा खांदा बसवून हात गळ्यात बांधला होता. त्याची आई सेराफिना मावशी औषधं आणायला खाली गेली, तेव्हा मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पोटरी, गोळा, दहा मिनिटं.

रिचर्डने उशीवरून मान उचलली.

"म्हणजे मी पण त्याला व्हय म्हाराजा म्हटलं?"

"हो रे."

"आणि तू दहा मिनिटं मागितलीस."

"हो."

"चंदूदादा," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढं मागितलंस, तर बॉल अडवायचं का नाही मागितलं?"

तो चिडून विचारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सोळा वर्षं मी तिथे उभं राहायचं स्वप्न बघितलं, आणि त्या स्वप्नात बॉल एकदाही आला नव्हता.