भुपेंद्रचा कॉम्प्युटर सुरू झाला ती दुपार

भुपेंद्रचा हात आधी चालायचा, डोकं मागून सावकाश यायचं. लाखनीत हायवेला लागून त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान आणि शेजारी माझं मोबाइलचं. प्रिंटरमध्ये कागद अडकला की प्रिंटरला चापट, शटर अडकलं की शटरला लाथ, आणि मी हसलो की मला.

कॉम्प्युटर त्यानं सुटे भाग मागवून स्वतः जोडला होता. लग्नसराईत व्हिडिओ पटापट तयार व्हावेत म्हणून कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. त्यामागचं त्याचं शास्त्र सोपं होतं : "माणसाले दोन थापडा देल्या का तोही जोरात पळते." मशीन तापायची, म्हणून मे महिन्यात त्यानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि समोर कूलर लावला, तोच आपला वाळ्याच्या ताट्यांचा, पाणी टपकणारा.

"भाऊ, ओली हवा मारून राहिला ना मशीनवर," मी म्हटलं.

"तू बी कूलरपुढेच झोपते ना? मेला का आतापर्यंत?"

त्यानंतर मशीन सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. भुपेंद्र तिला दोन बुक्के मारायचा, ती सुरू व्हायची. उपाय लागू पडला असं त्याला वाटायचं.

एका दुपारी सिहोऱ्याचा गोपीचंद दुकानात शिरला. मागे त्याचा काका खुशाल, हातात मांडवाचा लोखंडी पाइप. त्याच आठवड्यात गोपीचंदच्या बहिणीच्या लग्नात डीजेपुढे हाणामारी झाली होती; शूटिंग भुपेंद्रकडे होतं. सगळे झिंगलेले, कोणी कोणाला मारलं हे मारणाऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं. गोपीचंदचा धाकटा भाऊ मोनू पाइपनं डोकं फुटून भंडाऱ्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. लोकांना आठवत होतं ते एवढंच, की त्याच्या जरा आधी भुपेंद्रनं मोनूच्या थोबाडीत मारली होती.

गोपीचंदनं कॉलर धरून भुपेंद्रचं तोंड भिंतीवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली.

"कायले मारलं बे माह्या भावाले?"

"थापड मारली, कबूल. कॅमेऱ्याले धक्का देल्ला त्यानं. पण पाइप नाही मारला! पाइप बसला तेव्हा दोन्ही हातांत कॅमेरा होता माह्या. शूटिंग पाहून घे."

"दाखव. नाही दिसलं तर हा हात खांद्यापासून तोडून ठेवतो, मग पोलिसात जातो."

कॅमेऱ्याच्या कार्डावर तोवर दुसरं लग्न चढलं होतं. शूटिंग उरलं होतं ते या कॉम्प्युटरमध्येच. भुपेंद्रनं बटण दाबलं. पंखे फिरले, थांबले, परत फिरले, परत थांबले. स्क्रीन काळी ती काळीच. त्यानं सवयीनं बुक्का उगारला.

"तोडून टाकाले पाहते! पुरावा मोडते!" काका ओरडले आणि पाइप त्याच्या पाठीत बसला.

मी घाईघाईनं म्हटलं, "डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावू. भंडाऱ्याले नेतो मी."

"दुकानाबाहेर काहीच जाणार नाही. रस्त्यात बदलवून टाकान," गोपीचंद म्हणाला.

मग भुपेंद्र खाली बसला. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढला, म्हणजे मशीन वाढवलेला वेग विसरते. थोडा वेळ थांबून परत बसवला. बटण. पंखे फिरले, थांबले. पाठीत दुसरा पाइप.

"काका, मारा, पण हलवू नका," भुपेंद्र म्हणाला. इतका नम्र मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्यानं मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर कूलरच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता. तो बघून भुपेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. मी हसलो नाही. वेळच तशी होती. माझ्या दुकानातलं खोडरबर आणून दिलं. तो दात घासत होता आणि मी त्याच्या नाकाखाली फडकं धरून उभा, बोर्डावर रक्त पडू नये म्हणून.

दात चकचकीत झाल्यावर त्यानं एकच पट्टी बसवली. बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. स्क्रीन उजळली.

व्हिडिओत धूळ, दिवे, नाचणारी डोकी. खुशालकाका डीजेवाल्यावर पाइप फिरवतात. डीजेवाला खाली वाकतो. मागे मोनू उभा. पाइप मोनूच्या डोक्यात बसतो, तो तिथंच कोसळतो. कॅमेरा मात्र जराही हलत नाही.

गोपीचंदनं तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तोच पाइप, तेच काका.

"बनवलेलं हाय हे!" काका किंचाळले आणि पाइप डोक्यावर उगारून कॅबिनेटवर हाणला. भुपेंद्रनं मधे हात घातला. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. मशीनला ओरखडाही आला नाही.

गोपीचंदनं तोच पाइप हिसकला. काकांच्या गुडघ्यावर मारला, ते पडल्यावर फरफटत बाहेर नेलं आणि ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवून सोडवेपर्यंत लाथा घातल्या.  काका ओरडत होते, "मले मालूम नोहोतं रे, बापू! मले मालूमच नोहोतं!"

आत भुपेंद्रचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला लोंबत होता. मी त्याला उठवायला गेलो तर खांद्यानं ढकललं. ओठ चावत डाव्या हातानं माउस धरला आणि तेवढा भाग पेनड्राइव्हवर उतरवून घेतला.

गोपीचंद दारात आला. हाताला त्याच्या काकाचं रक्त. भुपेंद्रच्या हाताकडे बघत राहिला. मग बाहेर जाऊन मोटरसायकल सुरू केली आणि शिटावर पुढे सरकून जागा केली.

"बस," तो म्हणाला. "दवाखान्यात चाल. मोनू हाय तिथंच."