खंडेनवमीची टोपी

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीत आमच्या इमारतीखाली चपला शिवणाऱ्याचं दुकान आहे. आज खंडेनवमीला खिडकी उघडली तर कातड्याचा वास वर आला आणि हातातली झेंडूची फुलं हातातच राहिली. रीम आयलंडवरच्या त्या घरातल्या आजी आठवल्या.

मी तिथे स्वयंपाकाला होते. वहिनी पुण्याच्या, साहेब अमेरिकेचे, आजी साहेबांच्या आई, नव्वदीला टेकलेल्या. आजींच्या कपाटात त्यांच्या वडिलांची कातड्याची टोपी होती, आतून घामानं काळी पडलेली, हनुवटीखालचा पट्टा तुटलेला. वहिनी मला सगळं समजावून सांगायच्या. आजींचे वडील आठवडाभर गिरणीत राबायचे आणि रविवारी ही टोपी घालून त्यांच्याकडचा फुटबॉल खेळायचे, बॉल छातीशी धरून माणसांच्या अंगावर धावून जायचा. पैसे घेऊन खेळणाऱ्यांतले ते अगदी सुरुवातीचे. पण डोकं इतकं आपटलं, की म्हातारपणी पोरांची नावं विसरले, उगाच हात उगारू लागले. साहेबांनी लहानपणी पाहिले ते हेच आजोबा. टोपी दिसली की साहेब तोंड फिरवत. अमेरिकेला परत जायचं ठरलं, सामान बांधायला काढलं, तेव्हा म्हणाले, "खलास, मॉम. ही टाकून देऊ." आजी टोपी मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसल्या.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. मी पाटावर विळी, लाटणं, इस्त्री मांडली, हळदकुंकू वाहिलं. आजींनी विचारलं, ही पूजा कसली? वहिनी म्हणाल्या, "ज्याच्यावर घर चालतं, त्याची." आजी काठी टेकत आत गेल्या आणि टोपी आणून माझ्यापुढे धरली.

मी घाबरले. कातडं पूजेत कसं ठेवायचं? वहिनी हसल्या. "अगं, ढोलाला काय प्लास्टिक असतं? ठेव बिनधास्त."

साहेब दारात उभे होते. आजी त्यांना म्हणाल्या, "ह्या टोपीनं मला शाळेत घातलं. तू त्यांचा उगारलेला हात पाहिलास. मी कमावणारा पाहिला."

साहेब पुढे आले. मग खाली बसले, ताटातलं एक फूल उचललं आणि टोपीवर वाहायच्या ऐवजी टोपीच्या आत ठेवलं, जिथे डोकं असतं तिथे. त्यांना आपली रीत कुठून ठाऊक असणार! मी ते फूल हलवलं नाही. आजींनी डोळे पुसले.

आजी आता नाहीत. मघाशी वहिनींनी फोटो पाठवला. टोपी तिकडे अमेरिकेतल्या घरात फळीवर आहे आणि आत एक पिवळं फूल. माणसाचे शेवटचे दिवस आधीच्या सगळ्या दिवसांना झाकून टाकतात, असं मला वाटायचं. आज तसं वाटत नाही. मी विळीला कुंकू लावलं आणि शेजारी टोपीएवढी जागा मोकळी सोडली.