झेंडा झाल्यावर रडा

कॅलेंडरच्या एका चौकोनात किती गोष्टी कोंबाव्यात याला काही धरबंद नाही. सासरी तिरोड्याला आमच्या भिंतीवर विडीवाल्याचं कॅलेंडर असायचं. तारीख मोठी, तिच्याखाली बारीक अक्षरात तिथी, कोपऱ्यात सणवार, आणि पंधरा ऑगस्टच्या चौकोनात तांबड्या शाईत देशाचं स्वातंत्र्य. त्याच चौकोनात माझा बापही आहे. छापणाऱ्याला ते ठाऊक असायचं काही कारण नाही.

माझा बा सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला, शुक्रवारी, पहाटेच्या सुमारास तापात गेला. मी नऊ वर्षांची होते. माहेर केशोरीच्या बाजूचं, धानाचं गाव. रोवणी चालू होती आणि आमची अर्धी बांदी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, अजून रोवायची होती. घराला लागूनच चावडी, चावडीपुढे मोकळी जागा, आणि तिथे झेंड्यासाठी रोवलेला बांबू बानेच ताप चढण्याआधी तलावाच्या पाळीवरून तोडून आणला होता. सरळ बांबू शोधायला त्याने अर्धा दिवस घालवला म्हणून माय त्याच्यावर चिडली होती. हे तिचं त्याच्याशी शेवटचं भांडण.

आमच्या गावात माणूस मेलं की कोणी सांगत फिरत नसे. घरातून रडं उठायचं आणि ते ऐकून गावाला कळायचं. एकदा रडं उठलं की मढं निघेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटायची नाही, बाया हातातलं काम टाकून त्या घरी जायच्या, गोडधोड तर लांबच राहिलं. हा कायदा कोणी लिहिलेला नव्हता, पण तो मोडल्याचं मी कधी पाहिलं नाही. म्हणूनच पाटलाला घाई करून यावं लागलं.

बा गेला तेव्हा घरात माय, मी आणि मोठी माय, म्हणजे बाच्या मोठ्या भावाची बायको. ती शेजारीच राहायची. तिने जाऊन हळूच पाटलाला सांगितलं आणि तो मागच्या दाराने आला. डोक्यावर नवी पांढरी टोपी होती. ती त्याने काढली, पुन्हा घातली, मग काढून मांडीवर ठेवली.

"बाई, लय वाईट झालं," तो मायला म्हणाला. "पर आज गावात झेंडा हाय. पोरायसाठी बुंदी पाडून रायले. आता रडं उठलं त समदंच बंद होते. झेंडा वर गेला की मी खुद सांगाले येतो. मंग रडा. कोणी अडवणार नाही."

"बरं," माय म्हणाली.

पाटील वाईट माणूस नव्हता. बाच्या आजारपणात त्यानेच गाडी जुंपून वैद्य आणवला होता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं, निदान शिव्या घालायला एक तोंड मिळालं असतं.

आम्ही बसून राहिलो. झेंड्याचं कापड केशोरीहून यायचं होतं आणि आणणारा माणूस नाल्याला पूर आल्यामुळे पलीकडेच अडकला होता. सकाळ गेली. पोरं गावात फेरी काढून 'जय जय' ओरडत होती. प्रत्येक वेळी ओरडा झाला की माय पुढच्या दाराकडे बघायची. तिच्या तोंडात पदराचा बोळा होता. मोठी माय बाच्या तोंडावरच्या माशा हाकलत होती. भिंतीपलीकडून बुंदीचा तुपकट वास येत होता आणि मला भूक लागली होती. त्या दिवसाचं मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हेच, की बापाच्या पायाशी बसून मला बुंदी खावीशी वाटत होती. बाकी आत काहीच नव्हतं. दुःखही नव्हतं. लेकरं मायकडे बघून रडतात, आणि माझी माय रडत नव्हती.

झेंडा दुपार कलल्यावर वर गेला. आम्हाला तो कळला नाही, कारण 'जय' तर सकाळपासूनच चालू होतं. नंतर भाषण झालं. आभाळ भरून आलं म्हणून माणसं घाईने मागच्या आवारात आली, तिरडीचे बांबू बांधले, आणि बाला उचललं. पाटील पुढे खांदा द्यायला लागला. त्याला वाटलं, झेंडा झाल्याचं मायला गावच्या कोतवालाने सांगितलं असेल. कोतवालाला वाटलं, पाटील 'खुद' म्हणाला होता, तर आपण कशाला मधे पडा. मोठ्या मायने मात्र सांगण्याची वाट बघितली नाही. तिने हंबरडा फोडला आणि बाया धावत आल्या. सगळ्या रडल्या. माय भिंतीला धरून उभी होती आणि पुढच्या दाराकडे बघत होती. बा तर मागच्या दाराने गेला होता.

त्यानंतर बायांनी तिला रडवायचे फार प्रयत्न केले. दहाव्याला तिला दंडाला धरून गदागदा हलवलं. "रड वो बाई, मोकळी हो." एकीने बाचं धोतर आणून तिच्या मांडीवर टाकलं. मायने ते झटकलं, नीट घडी घातली आणि बाजूला ठेवलं. हळूहळू गावात 'दगड आहे' असं बोललं जाऊ लागलं. मोठी माय तेवढी घाबरली होती. ती मला एकटीला गाठून म्हणायची, "हिचं रडं आत अडकलं. ते निघालं नाही त हे अशीच वाळून जाईल, पाहून ठेव."

आणि माय खरंच वाळत गेली. आजारी नव्हती, काम सोडलं नव्हतं. रोवणीत बाया गाणी म्हणायच्या तेव्हा ती नुसती ओठ मिटून रोवायची. गरम भांडं हाताने उतरवायची आणि चटका बसला तरी हात मागे घ्यायची नाही. आणि तिला मीठ कळेनासं झालं. एक दिवस भाजी आळणी, दुसऱ्या दिवशी खारट खाक. मी सांगितलं की म्हणायची, "असं? मले त काही वाटून नाही रायलं." पुढे मी सांगणंच सोडलं. जे ताटात येईल ते खाल्लं. तुम्ही म्हणाल पोरगी सोशिक होती. सोशिक कसली, मलाही फार काही वाटत नव्हतं.

श्राद्धाचा प्रश्न आला तेव्हा आणखी एक घोळ झाला. बा गेला तो महिना धोंड्याचा होता. अधिक श्रावण, वद्य चतुर्दशी. केशोरीचे महाराज, म्हणजे भटजी, म्हणाले, "धोंडा काही दर वर्षी येत नाही. हे श्राद्ध नेहमीच्या श्रावणात, चतुर्दशीला करायचं." आणि नेहमीच्या श्रावणातली ती चतुर्दशी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावून खांदे चोळायचे आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." म्हणजे तारखेला गावात झेंडा आणि तिथीला गोठ्यात सण. इतर वर्षभर कधीही मेला असता तर बाला स्वतःचा एक दिवस मिळाला असता. त्याने नेमकं असं टायमिंग साधलं की दोन्हीकडे दुसऱ्याचीच वरात.

मोठ्या मायचा मुलगा, माझा चुलत भाऊ, सकाळी घाईघाईने पिंड ठेवायचा आणि गोठ्यात पळायचा. दर पंधरा ऑगस्टला पोरं भिंतीपलीकडे गोड खायची. तारखेच्या आगेमागे कधी राखी यायची, कधी कान्होबा, म्हणजे गोकुळाष्टमी. दोन्ही दिवशी मोठी माय आमच्या घरी येऊन मायच्या तोंडाकडे बघत बसायची, आज निघते का म्हणून. मायच्या तोंडावर काही नसायचं. मधल्या काळात पाटील मेला. माय त्याच्या घरी बसायला गेली, बायांच्यात बसली, आणि कोरडीच परत आली. मधल्या काळात माझं लग्न झालं. माझी पाठवणी करतानासुद्धा तिचे डोळे भरले नाहीत. सासरच्या बायांनी ते बघून ठेवलं होतं आणि मला पुढे कितीतरी दिवस ऐकवलं. आमचं गाव तर राज्यांच्या नव्या वाटणीत जागचं न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं. तेही मायला मीच सांगितलं. ती म्हणाली, "असं?"

अठ्ठावन्न साली श्रावणातच पुन्हा धोंडा आला. धोंड्यात लेक-जावयाला माहेरी बोलावतात. आमचे हे आले, पोटभर अनारसे खाल्ले, पोट धरून तिरोड्याला परत गेले. मी राहिले. महाराजांनी निरोप पाठवला की यंदा मेलेल्याचा खरा महिना आला आहे, तर श्राद्ध धोंड्यातच करा. ती तिथी पंधरा ऑगस्टला खेटून आली. बैल नाहीत, पोळा नाही, पहिल्यांदाच घरात फक्त बाचं काम होतं. पानं उचलून झाल्यावर दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं सरळ विचारून टाकलं.

"माय, तू त्या दिवशी रडली काऊन नाही?"

ती पत्रावळीच्या काड्या गोळा करत होती. "सांगतो म्हणे. आलाच नाही."

"कोण?"

"पाटील. झेंडा झाला की सांगाले येतो म्हणे."

"अन् तू वाट पाहून रायली?"

"वाट कायची पाहतो? बसून होती." मग काड्या बाजूला सारत ती म्हणाली, "बरं म्हणलं होतं ना मी त्याले."

मला तिचा राग आला. पाटलाचा आला, कोतवालाचा आला, पण सगळ्यात जास्त तिचा. गावाने गडबडीत विसरून टाकलेला शब्द ही बाई पाळत बसली होती, आणि तो देणारा स्वतःच मरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट, आणि वार पुन्हा शुक्रवार. चावडीपुढे आता बांबूच्या जागी लोखंडी पाइप होता. मी पोरांच्या मागे जाऊन उभी राहिले. गुरुजींनी दोरी ओढली, कापड वर गेलं, फुलं पडली. या वेळी कुठेही पूर नव्हता, सगळं वेळेवर झालं. माझ्याही हातावर पानात बुंदी पडली. ती घेऊन मी घरी आले. माय अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी काही ठरवून आले नव्हते. उंबऱ्यावरून म्हणाले,

"माय, झेंडा झाला."

तिचं सूप थांबलं. "झाला?"

"झाला. वर गेला. मी पाहून आली."

तिने सूप खाली ठेवलं. हात पुसले. डोक्यावरून पदर घेतला, घरात गेली, जिथे बाला निजवलं होतं त्या भिंतीपाशी बसली, आणि तिने रडं काढलं. तिच्या गळ्यात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, मेलेल्याला बोलतात. ती बोलू लागली. "अर्धी बांदी ठेवून गेला रे. आता कोण रोवून देईल मले. म्हैस व्याले झाली, तिले कोण पाहील. बांबूसाठी तुह्याशी भांडली रे मी. नऊ वर्साची पोर हाय, तिले कोणाच्या घरी देऊ." ती नऊ वर्षांची पोर लुगडं नेसून, मंगळसूत्र घालून दारात उभी होती. ती म्हैस कधीच विकून झाली होती.

बाया झेंड्याजवळून धावत आल्या. हातात बुंदीची पानं तशीच.

"कोण गेलं वो? कोण गेलं?"

मी म्हणाले, "माहा बा गेला."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले होते. कोणी हसलं नाही. सगळ्यात म्हातारी होती तिने पान खाली ठेवलं, मायच्या गळ्यात हात टाकला आणि सुरुवात केली. मग बाकीच्या बसल्या. मीही बसले. मला वाटलं होतं की मला जमणार नाही, पण मायकडे बघितलं आणि जमलं. त्या दिवशी आमच्या ओळीतल्या घरांत दुपारपर्यंत चूल पेटली नाही. गुरुजी एकदा दारात डोकावले आणि काही न विचारता पोरांना घेऊन तलावाकडे गेले.

दुपारी मोठी माय कडू घास घेऊन आली. मेल्याच्या घरी पहिलं अन्न शेजारचंच खायचं असतं. भात आणि तुरीचं वरण. तिने स्वतः कालवून मायपुढे ठेवलं. मायचे डोळे सुजून बंद झाले होते, ती चाचपत जेवली. दोन घास गेल्यावर ती थांबली आणि तोंडातला घास हळूहळू चावत राहिली.

"मीठ कमी हाय वो," ती म्हणाली.

मोठ्या मायने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि मीठ आणून दिलं.