काकांच्या ओट्यावरचा चहा

वडिलांनी काकांच्या घरचा चहा नाकारला, ती त्या दोघा भावांची शेवटची भेट ठरली. गवती चहाचा वास आला की पिंपळनेरचा तो शेणाने सारवलेला ओटा आठवतो. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. भाऊबंदांनी मध्ये पडून समेट घडवला, आणि आमच्याकडे समेट सोबत चहा प्यायल्यावरच पक्का धरतात. काकूंनी काठोकाठ भरलेल्या कपबश्या आणल्या. वडिलांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. "आत्तेच पिधा, भाऊ," आताच घेतला, असं ते म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आजून राग शे का? का मोठा मानूस व्हई गया तू?" वडिलांनी उपरणं आणखी पुढे ओढलं. काका उठून आत गेले. परतताना एसटीत वडिलांनी मला हात दाखवले. दोन्ही कापत होते. चारचौघांत बशी सांडली असती. पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांची छातीच्या दुखण्यावरची गोळी बदलली. डॉक्टर म्हणाले, "पेशींमध्ये चरबी जाळायला लागणारं एक एन्झाइम ही जुनी गोळी रोखते. मग हृदय साखर जास्त जाळतं आणि कमी प्राणवायूत भागवतं. काहींचे हात मात्र तिच्यामुळे कापू लागतात." उन्हाळ्यापर्यंत कंप थांबला. आज वडील माझ्यासमोर भरली बशी उचलतात, थेंब सांडत नाही. काका मात्र त्या उन्हाळ्याआधीच, माघात वारले.