रिकाम्या खुर्चीतले गिऱ्हाईक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या केशकर्तनालयात एक खुर्ची, एक आरसा आणि एकच नियम आहे. तो आरशाच्या वर सुवाच्य अक्षरांत लिहिलेला आहे: ‘खुर्चीवर बसल्यावर फोन खिशात ठेवावा.’ फोन आल्यापासून गिऱ्हाइकांच्या माना खाली गेल्या आणि गप्पा आटल्या, अशी मालकांची तक्रार होती.

त्यांचे सर्वांत जुने गिऱ्हाईक म्हणजे जमिनी मोजण्यात हयात घालवलेले निवृत्त मोजणीदार. एकतीस वर्षे ते रविवारी दहाच्या ठोक्याला येत आणि मालकांशी मनसोक्त वाद घालत. गुडघे कुरकुरू लागल्यावर मुलाने त्यांना दूरच्या शहरी आपल्याकडे नेले. चार महिन्यांनी सूनबाईंचा निरोप आला, की सासरे दुसऱ्या कोणालाही डोक्याला हात लावू देत नाहीत. रविवारी मालकांनी संकोचत माझा फोन मागितला.

पडद्यावर मोजणीदार प्रकटले; केस पार मानेवर रुळत होते. सूनबाईंनी कात्री हाती घेतली, मालक सूचना देऊ लागले आणि मागची बाजू निर्विघ्न उरकली. मग मालक म्हणाले, उजवा कल्ला लांब दिसतो, बोटभर कमी करा. सूनबाईंनी केला. लांब होता तो डावा! जन्मभर आरशात चेहरे पाहिलेल्या मालकांचा समोरचा चेहरा पाहताना घोटाळा झाला होता.

“सूनबाई, तू थांब,” मोजणीदार म्हणाले. “एकतीस वर्षं मी याच्या हाती मान दिली. आधी याला दिशा शिकवतो.”

सूनबाईंनी कात्री खाली ठेवली. मालकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी फोन उचलला, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर आरशाकडे तोंड करून धरला आणि स्वतः नेहमीप्रमाणे मागे उभे राहिले. आता आरशात त्यांना मोजणीदार दिसले, आणि मोजणीदारांना आरशातले मालक.

“हं, आता बसलात तुम्ही खुर्चीत,” मालक म्हणाले. “मान सरळ. सूनबाई, डावा कल्ला घ्या.”

दोन्ही कल्ले सारखे झाले. अंमळ आखूड, पण सारखे. मोजणीदारांनी चष्मा चढवून आरशावरची पाटी वाचली.

“खुर्चीत बसलोय ना मी? मग हा फोन खिशात का नाही?”

वाद तासभर रंगला. दुसऱ्या दिवशी पाटीवर त्याच वळणाच्या, किंचित बारीक अक्षरांत एक ओळ वाढली होती: ‘रविवारी दहा ते अकरा नियम शिथिल.’