अर्धा वर आलेला हात

काल सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून नुसता गलका चालला होता. तळमजल्यावरच्या सुलभाकाकूंच्या खिडकीपुढे गाड्या लावायचं जवळजवळ ठरलंच होतं. काकूंचा हात अर्धा वर आला, आणि जणू पदरच सारखा करायचा होता असं दाखवून खाली गेला. माझ्या शेजारून माझी लेक मुक्ता म्हणाली, "एक मिनिट. काकूंना काहीतरी बोलायचंय."

मुक्ता विद्यापीठात राज्यशास्त्र शिकते. "मग काय, निवडणुकीला उभी राहणार?" असं कुणी विचारलं की ती स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, प्राध्यापकी असं सगळं शांतपणे सांगते, आणि काळजी मी करत बसते. काल पहिल्यांदाच ती काळजी जरा सैल झाली. खाली गेलेला हात जिला दिसतो, तिची गरज कुठे ना कुठे लागणारच की!

काकू बोलल्या, चांगल्या पाच मिनिटं बोलल्या. खिडकी सोडून गाड्या लावायचं ठरलं. मग चहा आला, तेव्हा काकूंचा हात पुन्हा वर गेला, आता अगदी सरळ. "मला बिनसाखरेचा," त्या म्हणाल्या.